मनाई करणाऱ्याचं नाव

मराठीत प्रेमकथा उदंड लिहिल्या जातात आणि त्यातल्या बऱ्याचशा ‘घरच्यांचा विरोध’ या एकाच खांबावर उभ्या असतात. हा विरोध म्हणजे नेमकं काय, ते मात्र कथेत कळत नाही. तो पावसाळी हवेसारखा असतो. आभाळ भरून येतं, वडील जेवायला बसत नाहीत, आई डोळ्यांना पदर लावते, आत्या ‘आपल्या घरात असं कधी झालं नाही’ म्हणते, आणि चाळिसाव्या भागाच्या आसपास वडिलांच्या छातीत कळ येते. मग दवाखान्याच्या बाकावर बसून नायिका ठरवते, आपलं प्रेम विसरायचं. शंभराव्या भागात आभाळ निवळतं, वडील हसतात, संपलं.

यात मनाई कुणी केली? कशाच्या जोरावर केली? आणि तिच्यामुळे कुणाचं काय वाचलं? हे न विचारता लिहिलेली कथा, लेखकाचा हेतू कितीही उदार असो, शेवटी मनाई करणाऱ्याच्याच पदरात पडते. पावसाला कुणी जाब विचारत नाही. मग दोष द्यायला एकच माणूस उरतं, प्रेमात पडलेली मुलगी.

अशा कथा वाचून मुली बिघडतात, पळून जातात, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. तिच्यावर ‘करमणूक आहे, सोडून द्या’ हे उत्तरही ठरलेलं. तक्रार खोटी आहे. पण उत्तरही पळवाटच आहे. कथा वाचून कुणी घर सोडत नाही. पण घर सोडायची वेळ खरंच आली, तर पुढे काय होतं याचं जे चित्र डोक्यात असतं, ते बऱ्याचदा याच कथांनी काढलेलं असतं, आणि ते साफ चुकीचं असतं. म्हणून या कथांना ‘बिघडवणाऱ्या’ म्हणण्यापेक्षा ‘आळशी’ म्हणावं. तो आळस कुठे कुठे आहे, ते दाखवता येतं.

घरातली मनाई जवळून पाहिली तर तिच्यात आरडाओरडा फार थोडा असतो. सुरुवात बहुधा फोनपासून होते. ‘दे गं जरा, मावशीला लावायचाय, माझं रिचार्ज संपलंय,’ असं म्हणून आई फोन घेते आणि तो परत येत नाही. या वाक्यात धमकी नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नाही. मग कपाटातली प्लास्टिकची फाइल काकांकडे ‘जपून ठेवायला’ जाते. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक असं सगळं असतं. त्यानंतर ‘चार दिवस मामाकडे जाऊन ये, मन रमेल.’ मामाच्या घरी पोचल्यावर कळतं की रविवारी पाहुणे बघायला येणार आहेत. एकानेही आवाज चढवलेला नाही, आणि आठवड्याभरात मुलीच्या हातातली प्रत्येक गोष्ट निघून गेली आहे.

हे सगळं करणारे हात प्रेमाचे असतात, ही त्यातली खरी अडचण. निकाल वडील देतात, अंमलबजावणी आई, काकू आणि वहिनी करतात. फोन त्या घेतात, रात्री मुलीच्या शेजारी त्या झोपतात, ‘तुझ्या पाया पडते’ असं त्याच म्हणतात. कथांमध्ये आई नेहमी ‘मनातून मुलीच्या बाजूची, पण हतबल’ अशी रंगवलेली असते. हतबल माणूस फाइल हलवत नाही. आईला स्वतःच्या घरातलं स्थान टिकवायचं असतं आणि मुलीवर राखण ठेवणं हा त्या स्थानाचा भाग असतो. हे एकदा लिहिलं की आईचं पात्र आपोआप उभं राहतं, तिला रडवत बसावं लागत नाही.

फाइल का हलते, हेही सांगायला हवं, कारण कथेचा अर्धा ताण तिथे असतो. मुलगी अठरा पूर्ण आहे की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. मुलगी घरी नाही असं कळल्यावर घरचे पोलीस ठाण्यात जातात. ती सज्ञान असेल तर ‘मिसिंग’ची नोंद होते, अठराच्या आत असेल तर अपहरणाचा गुन्हा दाखल होतो, आणि शारीरिक संबंध आले असतील तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. त्या कायद्यात तिच्या संमतीला किंमत नाही. सतरा वर्षांच्या नायिकेला पळवून नेणारा नायक कथेत शूर ठरतो. प्रत्यक्षात तो तुरुंगात जातो. वयावरून वाद झाला तर आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतात, ते नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आता ज्या पिढ्यांमध्ये गुरुजींनी पहिलीत नाव घालताना सरसकट ‘१ जून’ ही जन्मतारीख टाकली, त्या महाराष्ट्रात एका तारखेवरून केवढं नाट्य उभं राहू शकतं! पण दाखल्याचा तुकडा कथेत कुणी आणत नाही. गजरा मात्र प्रत्येक कथेत असतो.

मुलगी सज्ञान असेल तर एक प्रसंग बऱ्याचदा येतो: तिचा जबाब. दंडाधिकाऱ्यांसमोर, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली, तिला सांगायचं असतं की आपण स्वखुशीने गेलो. बाहेर व्हरांड्यात दोन्हीकडची माणसं बसलेली असतात. आत ती एकटी असते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला, आणि फक्त तिलाच, विचारत असतं की तुला काय हवंय. प्रेमकथेला यापेक्षा मोठा प्रसंग कुठून मिळणार? तरी कथेत त्या वेळी मागे पावसात नायक धावत असतो.

लग्नाचा प्रसंग तर जवळजवळ प्रत्येक कथेत चुकलेला असतो. सकाळी दोघं निघतात, दोन मित्र बाहेर उभे असतात, रजिस्टरवर सह्या, हार, दुपारच्या आत ‘कोर्ट मॅरेज’ पार. दोघांचा धर्म काय, हा साधा प्रश्नही लेखकाला पडत नाही. दोघं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख यांपैकी असतील तर जात कितीही वेगळी असो, १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो आणि त्यात आधी नोटीस देण्याची अट नाही. म्हणून तर आपल्याकडे पळून जाऊन लग्न म्हटलं की आळंदीचं नाव निघतं. विधी मात्र खरोखर व्हावे लागतात. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र मिळवलं तर लग्न झालं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

धर्म वेगळे असतील आणि कुणीच तो बदलणार नसेल, तर वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. इथे घाई चालत नाही. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस जाते आणि कार्यालयात दर्शनी भागी लागते. अर्जदार कायमचा रहिवासी दुसऱ्या जिल्ह्याचा असेल, तर प्रत तिथल्या कार्यालयातही लागते. म्हणजे पुण्यात खोली घेऊन नोकरी करणाऱ्या मुलीचं नाव तिच्या मूळ जिल्ह्यातल्या भिंतीवर, जिथे सातबाऱ्याच्या कामाला आलेला कुठलाही भावबंद ते वाचू शकतो. तीस दिवस वाट पाहायची, मग तीन साक्षीदारांसमोर (दोन नव्हे, तीन) सही करायची. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून.

हरकत कुणीही घेऊ शकतं, पण कारणं ठरलेली आहेत: वय कमी, आधीचा जोडीदार हयात, मानसिकदृष्ट्या संमती देता न येणं, किंवा निषिद्ध नातं. ‘आम्हाला मुलगा पसंत नाही’ ही कायद्यात हरकत नाही. तरीही खोटी हरकत कामाला येते, कारण तिच्या चौकशीला अधिकाऱ्याकडे आणखी तीस दिवस असतात. हरकत खोडसाळ ठरली तर भरपाई किती? हजार रुपयांपर्यंत. एक महिना विकत घ्यायला ही रक्कम कुठल्याही बापाला परवडते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये नोटीस घरच्या पत्त्यावर पाठवण्याच्या प्रथेला चाप लावला, अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. पण मूळ कलमं जागेवर आहेत. कथाकाराच्या दृष्टीने हे तीस दिवस म्हणजे घबाड आहे. सगळ्यांना दिसेल अशा जागी टांगलेलं गुपित, आणि रोज ऑफिसला जाऊन काही झालंच नाही असं वागणारी दोन माणसं. छातीत कळ आणण्याची गरजच उरत नाही.

जुन्या काळावर लिहिणाऱ्यांसाठी तर कायद्याचा इतिहासच कादंबरी आहे. १८७२ च्या कायद्याखाली नोंदणी लग्न करायचं तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठल्याच धर्माचे नाही असं जाहीर करावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात ती सक्ती उरली नाही, पण किंमत दुसरीकडून वसूल केली: असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरलं जाई, आणि त्याच्या वडिलांना दुसरा मुलगा हयात नसेल तर नवा मुलगा दत्तक घेण्याची मुभा कायद्यानेच दिली होती. मुलगा जिवंत, दोन गल्ल्या सोडून राहतोय, आणि वाड्यात त्याच्या जागी दुसरा मुलगा आणून बसवलाय. १९३० च्या दशकातल्या सुधारक नायकाची कथा लिहिणारे त्याला सूत कातायला लावतात, सभेत भाषण करायला लावतात, आणि हा प्रसंग त्यांच्या हातून निसटतो.

‘तू मला मेलास’ हे वाक्य त्या काळी असं कागदावर उतरू शकत होतं. आज काय होतं? कथेतले वडील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात: अमुक हिच्याशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही, तिला इस्टेटीतून बेदखल केलं आहे. नायिका ती वाचून कोसळते. वडिलांची स्वतःच्या कमाईची मालमत्ता असेल तर ती मृत्युपत्राने ते कुणालाही देऊ शकतात, हे खरं. पण वडिलोपार्जित मिळकतीतला मुलीचा हिस्सा अशा चौकोनी नोटिशीने जात नाही. महाराष्ट्राने हा हक्क १९९४ मध्ये, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता, दिला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं सांगून शंका मिटवली. तिने धर्म बदलला तरी तिचा स्वतःचा हक्क बुडत नाही. १८५० पासून हे कायद्यात आहे. मात्र धर्मांतरानंतर जन्मलेली तिची मुलं आजोळच्या हिंदू नातेवाइकांचे वारस होत नाहीत, वारसा खुला होताना, म्हणजे त्या नातेवाइकाच्या मृत्यूच्या वेळी, ती स्वतः हिंदू असतील तर गोष्ट वेगळी.

हे सगळं कथेत वकिलासारखं घाला, असं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की लेखकाला हे ठाऊक असलं पाहिजे, कारण ते पात्रांना ठाऊक असतं. निदान काकांना तर असतंच. ‘घराण्याची अब्रू’ म्हणून जे बोललं जातं त्याखाली बऱ्याचदा जमिनीचा गट नंबर असतो. मुलगी कुणाशी लग्न करते यावर तिच्या हिश्श्याचं काय होणार हे ठरतं: ठरवून दिलेल्या घरात गेलेली मुलगी सहसा भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देते, माहेर तुटू नये म्हणून. स्वतःच्या मर्जीने गेलेली कदाचित देणार नाही, कारण तिचं माहेर तुटलेलंच आहे. या कोनातून पाहिलं की भावाचा संताप, जो कथांमध्ये नुसता ‘रक्त खवळणं’ असतो, तो एकदम समजायला लागतो.

आता निष्ठेकडे. वर जे लिहिलं त्यावरून कुटुंब म्हणजे नुसतं कारस्थान असं वाटेल, तर तेही चूक. घरच्यांविषयीची ओढ खोटी नसते, आणि बापाला खलनायक करून मोकळी होणारी कथा त्याला झटका देणाऱ्या कथेइतकीच आळशी. ओढ खरी असते, पण ती कथेत उसाशांच्या रूपात येते. ती हिशेबाच्या रूपात यायला हवी. थोरल्या मुलीच्या पगारातून घराच्या कर्जाचा हप्ता जातो. धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची दोन वर्षं बाकी आहेत. धाकटीला स्थळं येतायत, आणि थोरलीने जातीबाहेर लग्न केलं तर ती येणं थांबेल हे सगळ्यांना माहीत आहे, तिलाही. वडिलांनी भावकीत तीस वर्षं प्रत्येकाच्या लग्नात वाढप केलंय, उद्या धाकटीच्या लग्नात वाढायला कोण येईल ही त्यांची भीती क्षुल्लक नाही. जातपंचायतीचा वचक असलेल्या समाजात तर ती भीती थेट वाळीत पडण्याची. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा दंड एक लाखापर्यंत, किंवा दोन्ही. त्यामुळे आता वाळीत टाकण्याचे निकाल सहसा कुणी कागदावर लिहीत नाही. नुसतं आमंत्रण येत नाही. सांगा, तक्रार कशाची करायची?

नायिका थांबते ती या सगळ्यामुळे. तिच्या थांबण्याला ‘त्याग’ म्हणून तिची आरती करण्यापेक्षा तिने किती वर्षांचा हप्ता मनात मोजला ते लिहा. ती दोन वर्षं मागून घेते, भावाचं शिक्षण होऊ दे म्हणते, आणि ती दोन वर्षं नायक कशी काढतो, त्याच्या घरचे काय म्हणतात, दोन वर्षांनंतर धाकटीचं लग्न पुढे येतं तेव्हा काय होतं, यात कथा आहे. कुटुंबाची मागणी कधी संपत नाही हे तिला कळण्याचा दिवस, तोच या कथेचा कळस.

पण हे गणित मुलाच्या वाट्याला वेगळं येतं, याची दखल कथा घेत नाहीत. मुलाने बाहेरची बायको आणली तर दोन-तीन वर्षांत घर निवळतं, कारण माणूस घरात आलं. तिला स्वयंपाकाची रीत शिकवतात, नाव बदलतात, झालं. मुलगी गेली तर माणूस गेलं. एकच ‘विरोध’ दोन्हीकडे सारख्या रंगात रंगवणाऱ्याने घर नीट पाहिलेलं नाही.

राहिला शेवट. प्रेमकथेचा शेवट गोड असावा, वाचकाची ती अपेक्षा रास्त आहे. सुख कुठल्या दाराने आत येतं, एवढंच पाहायचं. सगळ्यात वाईट दार म्हणजे जन्माचं रहस्य: शेवटी कळतं की नायक मुळात आपल्याच जातीचा, आपल्याच तोलाच्या घराण्यातला, लहानपणी हरवलेला. सगळे आनंदतात. म्हणजे मनाई बरोबरच होती, फक्त माहिती अपुरी होती! दुसरं दार परीक्षेचं: नायक वडिलांना रक्त देतो, कारखाना वाचवतो, आणि मग पसंत पडतो. जातीतल्या जावयाला अशी परीक्षा कधी द्यावी लागली होती का? तिसरं, सगळ्यांचं लाडकं: नातवंड. बारशाला आजोबा येतात, बाळाला मांडीवर घेतात, डोळे पाणावतात. बाळ बहुतेक वेळा मुलगाच असतो, ही एक गंमत. मुलीने मधली तीन वर्षं बाळंतपणासकट एकटीने काढली त्याबद्दल आजोबांना कुणी काही विचारत नाही, आणि तिने धर्म बदललेला असेल तर मांडीवरचं बाळ त्यांचं वारस नाही, हे त्या खोलीतल्या निदान एका माणसाला माहीत असतं.

समेट व्हावा. होतोही. पण कुणी काय सोडलं ते दिसू दे. राज्य सरकारची काही आंतरजातीय विवाहांसाठी आर्थिक मदत मिळते, तिच्या अर्जाला दोघांचेही जातीचे दाखले जोडावे लागतात. जात सोडून लग्न केलेल्या दोघांना ती दोन कागदांनी सिद्ध करावी लागते, आणि मुलीचा कागद काकांच्या कपाटात असतो. तो मागायला तिने घरी फोन करायचा. तीन वर्षांनी पहिला फोन, आणि विचारायचं काय, तर जातीचा दाखला. फोन आई उचलते.

किंवा उलट दिशेने. रविवारी सकाळी बेल वाजते. दारात भाऊ, हातात आईने दिलेला लाडवांचा डबा, बगलेत फाइल. तो घर बघतो, छान आहे म्हणतो, भाच्याला उचलून घेतो. चहा होतो. मग पाणी मागतो, पीत नाही, आणि म्हणतो, ‘ताई, हक्कसोडपत्र तयार केलंय. आई म्हणाली, तू नाही म्हणणार नाहीस.’ डबा अजून तिने उघडलेला नाही.